कुत्रा मरत नाही

“बाई, हे बघा! आधी हे बघा, मग बोला!”

अनिकेत भोईटेनं पुस्तक माझ्या टेबलावर असं आदळलं की शिक्क्याचं पॅड उडून खाली पडलं. मी चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघितलं. या बघण्यानं एकेकाळी दहावीची पोरं तोंडातल्या चिठ्ठ्या गिळून टाकायची. पण अनिकेत बधला नाही. रागानं त्याचे कान लालबुंद झाले होते.

“काय झालं? आग लागली का कुठं?”

“पहिलं पान उघडा.”

‘जकात नाक्यावरचा कुत्रा’. कोरं करकरीत पुस्तक. परवाच मी त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलं होतं, अजून खळीचा वास येत होता. मी उघडलं. नावाच्या खाली पेन्सिलीनं, छापल्यासारख्या बारीक अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं, ‘कुत्रा मरत नाही’.

“मी पहिला नंबर लावला होता बाई! पहिला! आणि कुणीतरी सस्पेन्सच फोडला. आता त्या कुत्र्याला विष घाला, नाहीतर विहिरीत टाका, मला भीतीच वाटणार नाही. मग वाचायचं कशाला?”

फलटणच्या आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत बालविभाग होता, आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून तो माझ्या ताब्यात होता. त्या मे महिन्यात आम्ही पहिल्यांदाच मुलांसाठी नव्या रहस्यकथा मागवल्या होत्या. एक खोकं आलं होतं, दुसरं यायचं होतं. त्यासाठी मी आमचे कार्यवाह घोलप सर यांच्याशी वर्षभर भांडले होते. सरांचं म्हणणं, असली पुस्तकं वाचून पोरं घरातल्या माणसांवर पाळत ठेवायला लागतात, त्यापेक्षा थोरांची चरित्रं वाचावीत. मी म्हटलं, सर, चरित्रांच्या कपाटाची किल्ली गंजलीय, तिला आधी तेल घाला.

“तुम्ही तर कॉप्या पकडायचात ना बाई? मग हा पकडा की,” अनिकेत म्हणाला.

पोरगं खोटं बोलत नव्हतं. सगळी नोकरी मी परीक्षेच्या वर्गात मांजरासारखी फिरले. कंपासपेटीचं झाकण, चपलेचा पट्टा, मुलींच्या रिबिनी, कुठं कुठं म्हणून कॉपी सापडली नाही मला? संशय घ्यायची सवय अशी लागली की पुढं भाजीवालीच्या काट्यावरही माझा विश्वास बसेना.

“पकडते,” मी म्हटलं. “आणि सापडला की त्याचं कार्डच फाडते. कायमचं बंद.”

माझी भाची केतकी शेजारच्या स्टुलावर बसली होती. तिनं वाकून शिक्क्याचं पॅड उचललं.

“कायमचं म्हणजे अगदी कायमचं, आत्या?”

“अगदी.”

तिनं पॅडचं झाकण नीट लावलं आणि ते जागेवर ठेवलं.

केतकी अकरा वर्षांची. पुण्याहून सुट्टीला माझ्याकडे आली होती, असं सगळ्यांना सांगितलं होतं. खरं वेगळंच होतं. तिच्या आईला, म्हणजे माझी भावजय रंजना हिला, गाठ निघाली होती. पुण्यातल्या दवाखान्यात ठेवलं होतं, ऑपरेशनची तारीख ठरत होती, आणि आत काय निघेल ते डॉक्टरही सांगत नव्हते. माझा भाऊ सुहास केतकीला माझ्या दारात सोडून गेला तेव्हा उंबऱ्यातच म्हणाला, “ताई, हिला यातलं अक्षर कळता कामा नये. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला.” तेव्हा केतकीसाठी आम्ही गोष्ट रचली. आई आजोळी गेलीय, आजोबांचा पाय मोडलाय, आणि त्या खेड्यात फोन लागत नाही.

गोष्ट रचायची तर दोघांनी आधी बसून नीट ठरवायला नको का? पण सुहासला घाई.

“आत्या, आजोबांचा कुठला पाय मोडला?” पहिल्याच आठवड्यात जेवताना केतकीनं विचारलं.

“उजवा.”

“बाबा म्हणाले डावा.”

“मग डावा असेल. मला मेलीला उजवं-डावं कळतं होय?”

केतकीनं आमटीत भात कालवला. बघितलं मात्र माझ्याकडे, आणि ते बघणं मला ओळखीचं वाटलं. चष्म्याच्या वरून बघावं तसं. हिला चष्मा नव्हता एवढाच काय तो फरक.

मला बाई धडकीच भरली. तिकडं रंजनाचं काय होतंय हा घोर, इकडं या पोरीपासून लपवायचं, आणि वर हा पेन्सिलवाला. खरं सांगायचं तर पेन्सिलवाल्याचं मला बरंच वाटलं. काहीतरी पकडता येण्यासारखं तर हाती होतं.

चारच दिवसांत ‘सर्कशीतून पळालेली मुलगी’ परत आलं. पहिल्या पानावर ‘मुलगी सापडते. ठीक असते’. मग ‘आग लागलेला तबेला’. त्यावर ‘आतले सगळे बाहेर येतात’. पोरं नुसती खवळली. जो तो दुसऱ्याकडे डोळे बारीक करून बघायला लागला. पुस्तक उघडायच्या आधी पहिल्या पानावर हात ठेवायचे आणि बोटांच्या फटीतून बघायचे, लिहिलंय का ते. कुणी पेन्सिलीला टोक करताना दिसला की त्याच्याभोवती घोळका.

“ऐकलं मी सगळं,” घोलप सर दारात उभे राहून म्हणाले. “पुस्तकं खराब करायला लागली पोरं. म्हटलं नव्हतं? असंच चाललं तर दुसरं खोकं न फोडता परत पाठवणार मी.”

माझं डोकं तिथंच चाललं. पुस्तकं बिघडावीत असं कुणाला वाटतंय? कपाटाची दुसरी किल्ली कुणाकडे आहे? सरांच्या शर्टाच्या खिशात कायम पेन्सिल असते, तीही मी बघितली.

“परत कशाला? सापडेल तो,” मी गोडीत म्हटलं. “सर, तुमचं अक्षर मोत्यासारखं. दारावर लावायला एक पाटी लिहून द्या ना. ‘येथे कुत्रा आत आणू नये.’ आणि हो, पेन्सिलीनंच लिहा, मग मी गिरवते.”

सरांनी तिथंच उभ्या उभ्या लिहिलं. खूष होऊन लिहिलं. अक्षर कसलं, वाऱ्यावर आडवा झालेला ऊस! ‘कुत्रा’ एवढा एकच शब्द अर्ध्या पाटीवर पसरला. सर सुटले. ती पाटी मात्र पुढं कितीतरी दिवस दारावर लटकत राहिली आणि लोक विचारायचे, इथं कुत्री येतात का हो?

मग मी पोरांकडे वळले. एका संध्याकाळी सगळ्यांना ओळीत बसवलं आणि शुद्धलेखन घातलं. कुत्रा, मुलगी, तबेला, आतले, बाहेर, सगळे शब्द मी बेमालूम पेरले होते. रांगेतून फिरताना जुना जोर अंगात आला. केतकी कागद वाटत होती, तीच गोळा करत होती.

“बाई, हिचं पण घ्या की,” अनिकेत म्हणाला. “ही पण पुस्तकं हाताळते.”

“ती घरची आहे. तू तुझं लिही.”

“घरचीच तर—”

“अनिकेत!”

केतकीनं त्याचा कागद उचलून गठ्ठ्यात घातला, गठ्ठा माझ्या हातात दिला, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत माझ्याबरोबर बसून एकेक अक्षर तपासलं. “आत्या, याचा ‘क’ बघ, गाठ मारल्यासारखा आहे. हा नसेल,” असं आपलं मला सांगत होती. मी मनात म्हटलं, काय पोरगी आहे, अगदी माझ्यावर गेलीय! त्या कागदांत काही सापडलं नाही. अनिकेत आता माझ्यावरच संशय घ्यायला लागला, हे त्याच्या डोळ्यांत दिसायचं.

त्याच रात्री सुहासचा फोन आला. केतकी झोपली आहे असं समजून मी हळू आवाजात बोलले. शुक्रवारी ऑपरेशन ठरलं होतं. “रंजना सारखी केतकीचं नाव घेते,” तो म्हणाला, “पण इथं आणायचं नाही, ताई. हिला नळ्या लावलेल्या बघून पोर हबकेल.” मागं कुणीतरी कुणाला तरी मोठ्यानं हाक मारत होतं. मी बरं बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

बुधवारी दुपारी बालविभाग बंद होता. मी एकटीच जाऊन कपाट लावत बसले. पहिल्या खोक्यातलं शेवटचं पुस्तक आदल्या दिवशीच कव्हर घालून ठेवलं होतं, अजून कुणाला दिलंही नव्हतं. ‘बंद घड्याळांची चोरी’. मी सहज उघडलं.

‘आई परत येते.’

म्हटलं, बाई गं, याही पुस्तकाची वाट लावली! दुसऱ्या हातानं मी खोडरबर शोधायला लागले. मग वाटलं, थांब, आधी बघू तर खरं काय गोष्ट आहे. तोपर्यंत मी त्यातलं एकही पुस्तक वाचलं नव्हतं. पंख्याखाली बसले आणि वाचायला घेतलं. एका गावात सगळ्यांची घड्याळं चोरीला जातात, तीही फक्त बंद पडलेली. दोन भाऊ चोराचा माग काढतात. गोष्ट झकास होती. मी वाचत गेले, आई कधी हरवते त्याची वाट बघत. निम्मं पुस्तक झालं, आई नाही. चोर सापडला, घड्याळं सापडली, भावांना बक्षीस मिळालं, पुस्तक संपलं. आई नाहीच. मी पुन्हा पहिल्यापासून पानं चाळली. एक मामा होता, एक कासार होता, एक म्हातारा हवालदार होता. आख्ख्या पुस्तकात आई नावाचं माणूसच नव्हतं.

मग मी बाकीची पुस्तकं काढून ओळीनं टेबलावर उघडी ठेवली. कुत्रा मरत नाही. मुलगी सापडते, ठीक असते. आतले सगळे बाहेर येतात. किती दिवस आम्ही ‘सस्पेन्स फोडला, सस्पेन्स फोडला’ म्हणून ओरडत होतो! चोर कोण ते एकाही पुस्तकावर लिहिलेलं नव्हतं. फक्त जीव कुणाचा वाचतो, एवढंच लिहिलं होतं.

आणि हे शेवटचं पुस्तक माझ्या घराबाहेर कुणी बघितलंच नव्हतं. कव्हरं घरी घालायची. मी खळ शिजवायला आत जायची तेव्हा केतकी पुस्तकं मागून उघडून बसायची. मला वाटायचं, पोरगी पानं नीट लागलीत का बघतेय.

परीक्षेच्या कामात एक साधा नियम असतो. ज्या केंद्रावर आपल्या घरचं मूल बसलंय, तिथं आपण सुपरव्हिजन घ्यायची नाही. आपल्याच पोराचं काही दिसत नाही म्हणून. सगळी नोकरी तो नियम पाळला, आणि निवृत्तीनंतर आपल्या घरचंच मूल शेजारी घेऊन रांगेतून फिरत होते मी! मी पुस्तक पदराखाली घेतलं आणि घरी निघाले. चपला उलट्यासुलट्या घातल्यात हे घरी गेल्यावर कळलं.

केतकी गच्चीवर होती. कुरडया वाळत घातल्या होत्या, आणि ती काठी घेऊन कावळे हाकत बसली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि पुस्तक उघडून मांडीवर ठेवलं.

“केतकी, या पुस्तकात आई कुठंय गं?”

तिनं पानाकडे बघितलं. मग कावळ्याकडे.

“नाहीये.”

“मग?”

“मला माहितेय नाहीये. बाकीची सगळी मी शेवट वाचून लिहिली. एकही खोटं नाही लिहिलं, आत्या. एवढं एकच.” तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. “छापल्यासारखं काढलं, पुस्तकातलंच वाटावं म्हणून.”

“पण लिहायचंस कशाला?”

“छोटी मुलं पण नेतात ना पुस्तकं. घाबरतात. मी पण घाबरते. शेवटी सगळं ठीक होतं एवढं कळलं ना, की मग मधलं वाचता येतं. चोर मी कुणालाच नाही सांगितला.”

मी काही बोलणार तेवढ्यात तिनं काठी खाली ठेवली.

“आजोबांचा कुठलाच पाय मोडलेला नाही ना?”

खाली रस्त्यावर बर्फाच्या गोळेवाल्याची घंटा वाजत होती.

“तू फोनवर हळू आवाजात बोलतेस ते मी आतल्या खोलीतून ऐकते. बाबा माझ्याशी बोलतात तेव्हा मागं कुणीतरी ‘सिस्टर, सिस्टर’ म्हणून हाका मारतं. आजोळी कोण सिस्टर म्हणतं? आणि इथं येताना आईनं माझी वेणी घातली, मग सोडली, आणि परत घातली. चांगली घातली होती पहिल्यांदा पण.”

म्हणजे मी गावभर पाळत ठेवत फिरत होते, आणि माझ्याच घरात ही माझ्यावर पाळत ठेवून होती. एकटी. कुणाला म्हणून विचारायची सोय नाही, कारण ज्यांना विचारायचं ते सगळे खोटं बोलणारे.

“आई दवाखान्यात आहे,” मी म्हटलं. “तिला गाठ आलीय. परवा ऑपरेशन आहे.”

“बरी होणार?”

जीभ सरळ ‘हो’ म्हणायला निघाली होती. मी तिला आवरलं.

“माहीत नाही गं राणी. डॉक्टरांनाही अजून माहीत नाही. व्हावी म्हणून जीव टांगणीला लागलाय माझा.”

केतकी माझ्या कुशीत शिरली आणि मोकळ्यानं रडली. मीही रडले, मला काय कुणाची चोरी होती? कावळ्यांनी तेवढ्यात कुरडयांचा फडशा पाडला. बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं.

“माझं कार्ड फाडणार?”

“गाढवे,” मी म्हटलं, “उठ, पिशवी भर. उद्या सकाळच्या एसटीनं पुण्याला जायचंय.”

सुहास फोनवर भडकला. शपथ घातली होती ना, म्हणाला. मी म्हटलं, “तुझ्या गळ्याला काही होत नाही, तो दणकट आहे. पोरीचा जीव नाजूक आहे, त्याचं बघ.” आणि फोन ठेवला. ठेवला खरा, पण रात्रभर मलाच धास्ती, की आपण करतोय ते बरोबर की चूक.

दवाखान्यात रंजना भिंतीला टेकून बसली होती. निम्मी झाली होती. आम्हाला बघून तिनं आधी सुहासकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि घाईघाईनं नळी लावलेला हात चादरीखाली घातला. केतकी सरळ खाटेपाशी गेली.

“आई, आत्यानं सांगितलंय मला. तू बरी होणार का? खरं सांग.”

सुहासनं तोंड फिरवलं. रंजनानं दुसऱ्या हातानं तिची वेणी चाचपली.

“माहीत नाही बाळा. उद्या बघणार आहेत.”

“बरं,” केतकी म्हणाली. कितीतरी दिवसांनी मी त्या पोरीचे खांदे खाली आलेले बघितले. तिनं चादरीखालून आईचा हात बाहेर काढला, नळी नीट बघितली, चपला काढून खाटेवर चढली आणि पिशवीतून पुस्तक काढलं. ‘बंद घड्याळांची चोरी’. पहिलं पान तिनं दोन बोटांनी पटकन उलटलं आणि वाचायला सुरुवात केली.

रंजना डोळे मिटून ऐकत होती. पहिली दोन घड्याळं चोरीला गेली, तशी ती म्हणाली, “केतू, शेवटी सापडतात का गं ती? आधी सांग ना. मला नाही राहवत.”

केतकीनं माझ्याकडे बघितलं. मग पुस्तक छातीशी धरलं.

“नाही सांगणार.”

“अगं, सांग की. आईला पण नाही?”

“नाही म्हणजे नाही. शेवटपर्यंत ऐकायचं. आज एवढंच वाचणार. राहिलेलं ऑपरेशन झाल्यावर. मध्येच सोडून कुठं जायचं नाही.”

रंजना हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. सुहास खिडकीशी जाऊन उभा राहिला तो बराच वेळ तिथंच.

फलटणला परतल्यावर मी बाकीच्या पुस्तकांवरच्या ओळी खोडून टाकल्या. घोलप सरांना सांगितलं, लिहिणारं सापडलं, आता होणार नाही, खोकं येऊ द्या. “कोण होतं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “सस्पेन्स आहे, सर.” अनिकेतनंही फार खोदून विचारलं, पण मी त्याला दुसऱ्या खोक्यातल्या सगळ्या पुस्तकांचा पहिला नंबर देऊन टाकला, तेव्हा कुठं तो शांत झाला.

‘बंद घड्याळांची चोरी’ वरची ओळ तेवढी खोडली नाही. पुस्तक पावसाळ्यात केव्हातरी पुण्याहून परत आलं, पोरांच्या हातून हाताळलं गेलं, कितीदा तरी कव्हर बदललं. आता केतकी स्वतः नोकरीला लागलीय. अजूनही एखादं पोर तणतणत येतं, “बाई, यात आई कुठंय? सगळं वाचलं मी!” मी म्हणते, नीट वाच.

मागच्या दिवाळीत सगळे माझ्याकडे आले होते. मी जुनी पुस्तकं दुरुस्तीला घरी आणलेली, तर रंजना म्हणाली, द्या, मी बसते. खळीची वाटी घेऊन ती ओसरीत बसली. काम करता करता तिनं एक पुस्तक उघडलं आणि मध्येच थांबली.

“ताई, हे तर मी सगळं ऐकलंय की. केतकीनं वाचून दाखवलं होतं.” तिनं पान माझ्याकडे वळवलं. “‘आई परत येते’? यात आई कुठंय?”

“ही काय,” मी म्हटलं, “कव्हर घालत बसलीय.”